तेहतीस फुटांची साखळी आणि सहा ग्रह

मी चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. त्यातली शेवटची बावीस वर्षं, रात्री जेवणं आटोपल्यावर, कुठेच नसलेल्या सहा ग्रहांचीही मोजणी केली. पहिल्या कामाचे पैसे मिळत, दुसऱ्याचे क्वचित. शिव्या मात्र दोन्हीकडे सारख्याच खाल्ल्या.

घर खासबागेत, यंत्रमागांच्या गल्लीत. इथं मागांची खटखट ऐकू येत नाही, ती थांबली की ऐकू येते. वीज गेली की सगळी गल्ली एका दमात गप्प होई आणि पोरं ओरडत गच्चीवर. लोडशेडिंगच्या अशाच एका रात्री गच्चीवर पडल्या पडल्या मला एका ताऱ्याचं नाव सुचलं: चिमणी. पाखरू नव्हे, रॉकेलची चिमणी. आजीच्या हातमागाच्या खड्ड्याशेजारी जळायची तशी, लहान, तांबूस, काटकसरी. तिच्याभोवती सहा ग्रह बसवले आणि त्यांना मागावरचीच नावं दिली. धोटा, कांडी, काठ, खळ, फणी, आणि सगळ्यांत लांबचा पदर. पृथ्वीवरून गेलेली मोजणीदारांची तुकडी एकेका ग्रहावर उतरते, अशी ती कथामाला. दिवाळी अंकांतून तिच्या सहा गोष्टी छापून आल्या, सातवी आत्ता टेबलावर आहे. या उद्योगात जे शिकलो ते आठवेल तसं मांडतो.

१. आधी दिवा मोजा, मग खोली

पहिल्या गोष्टीत माझा तारा मंद होता, ग्रहावर हवा सुखाची होती आणि वर्ष ३६५ दिवसांचं होतं. निपाणीच्या एका निवृत्त विज्ञानशिक्षकांचं पोस्टकार्ड आलं. गोष्ट आवडली, असं पहिल्या ओळीत लिहून पुढच्या चार ओळींत त्यांनी माझी साल काढली होती. तारा मंद तर ऊब मिळायला ग्रह जवळ हवा, आणि जवळ असेल तर वर्ष आखूड हवं. केप्लरने हा हिशेब सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच घालून ठेवलाय, तो तुम्ही उघडूनही पाहिला नाहीत, असा मथितार्थ.

मी लाजलो. शेताचा एक कोपरा चुकला तर बाकीचे तीन आपोआप चुकतात, हे मी शेतकऱ्यांना रोज सांगत होतो. मग वही घेऊन बसलो. चिमणीचं वस्तुमान सूर्याच्या निम्मं धरलं. अशा ताऱ्याचा उजेड सूर्याच्या साधारण चार टक्के असतो. उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे पृथ्वीइतकी ऊब हवी तर काठ हा ग्रह आपल्या सूर्यापासूनच्या अंतराच्या एक पंचमांशावर हवा. सुमारे तीन कोटी किलोमीटर. त्या अंतरावर, निम्म्या वजनाच्या ताऱ्याभोवती, एक फेरी होते ४६ दिवसांत.

सेहेचाळीस दिवसांचं वर्ष! माझी तिशीतली नायिका तिथल्या कॅलेंडरनं २३७ वर्षांची म्हातारी झाली. दिवाळी दर दीड महिन्याला. हे आकडे हाती आल्यावर गोष्ट जी सुटली ती सुटलीच, कारण वाढदिवसाचा केक, पेन्शनची अट, लग्नाचं वय, कर्जाचं वार्षिक व्याज, सगळ्याचीच गंमत व्हायला लागली. कल्पनेला लगाम बसेल म्हणून मी गणिताला घाबरत होतो. प्रत्यक्षात पुढच्या तीन गोष्टी त्या एका भागाकारातून निघाल्या.

२. ताण्यात जे भरलं तेच कापडात येणार

शेजारचे विणकर काका सांगत, साडीचा ताणा एकदा मागावर चढला की विणणाऱ्याच्या हातात फार थोडं उरतं. रुंदी ठरली, पोत ठरला, उभे पट्टे ठरले. ग्रहाचा व्यास हा असाच ताणा. खळ या ग्रहाचा व्यास मी ऐटीत पृथ्वीच्या दुप्पट ठेवला. घनता तीच. आकारमान आठपट झालं, म्हणून वजनही आठपट होणार असं मला वाटलं आणि माझी माणसं जमिनीवर पापडासारखी सपाट केली. चूक. वस्तुमान आठपट खरं, पण तुम्ही केंद्रापासून दुप्पट लांब उभे आहात, त्यामुळे ओढ चौथाईवर येते. हिशेब दुपटीवर येतो. साठ किलोच्या माणसाला एकशेवीस किलोचं वाटेल. तो मरणार नाही, पण जिना चढताना देवाचं नाव घेईल. मग त्याला बसकी घरं लागतील, उतरणीचे रस्ते लागतील, पडल्यावर मोडणारी हाडं सांभाळावी लागतील, आणि साखळी ओढणाऱ्याला दर पन्नास पावलांवर बसायला दगड लागेल.

या कलेतला बाप म्हणजे हॅल क्लेमंट. खरं नाव हॅरी स्टब्स, अमेरिकेत शाळेत शिकवायचे. 'मिशन ऑफ ग्रॅव्हिटी' या १९५३ च्या कादंबरीसाठी त्यांनी मेस्क्लिन नावाचा ग्रह रचला. तो इतका गरगर फिरतो की दिवस जेमतेम अठरा मिनिटांचा, आणि फिरून फिरून भाकरीसारखा चपटा झालेला. विषुववृत्तावर वजन पृथ्वीच्या तिप्पट, ध्रुवांवर सुमारे सातशेपट. तिथली बुद्धिमान प्रजा गोमेसारखी, जमिनीलगत सरपटणारी, आणि तिला सगळ्यात मोठी धास्ती उंचीची. अर्ध्या फुटावरून पडणं म्हणजे मरण. ही धास्ती क्लेमंटनी वरून चिकटवलेली नाही, आकड्यांतून उगवून आलीय. मी ते पुस्तक दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा माझी वही फाडून नव्यानं सुरू केली.

३. आकडा कुणी ओरडला हेही लिहून ठेवा

माझ्या उमेदवारीत तेहतीस फुटी साखळी चालत होती. तिचे सोळा आणे. तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. इतकं नेटकं माप पुन्हा पाहिलं नाही. साखळीच्या पुढच्या टोकाला असलेला माझा जोडीदार घरी कानडी बोलायचा. माझ्याशी मराठी बोलत असे, पण आकडा ओरडायची वेळ आली की तोंडून कानडीच निघायचं. एकदा माळावर वारं सुटलेलं. तो ओरडला 'एळु', मी ऐकलं 'एंटु'. सातच्या जागी आठ लिहिले. एक साखळी जास्त धरली गेली आणि दोन भावांच्या मध्ये तेहतीस फुटांची पट्टी नकाशावर फुकट जन्माला आली. धाकट्याने तिथं शेवग्याची झाडंसुद्धा लावली. दुरुस्तीला गेलो तेव्हा थोरल्याने पाणी विचारलं नाही.

मोठ्या लोकांचंही असंच होतं, हे नंतर समजलं. १९९९ च्या सप्टेंबरात मंगळाशी पोचलेलं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान नष्ट झालं, कारण एका गटाचे आकडे पौंडांत होते आणि दुसरा गट ते न्यूटनमध्ये आहेत असं धरून चालला होता. माझ्या तुकडीत म्हणून दोन भाषांची माणसं आहेत आणि फील्डबुकात एक जादा रकाना: आकडा सांगणाऱ्याचं नाव. कांडी ग्रहावरची अख्खी गोष्ट त्या रकान्यातल्या एका रिकाम्या चौकटीवर उभी आहे.

४. हत्यारं तिथं चालतात का ते बघा

मंगळावर होकायंत्र नेऊन उपयोग नाही, त्याला पृथ्वीसारखं अख्ख्या ग्रहाचं चुंबकत्व उरलेलं नाही. हे साधं वाटतं, पण नायकाच्या खिशात होकायंत्र घालून त्याला परग्रहावर पाठवणाऱ्या गोष्टी मी चिक्कार वाचल्यात. क्षितिजाचंही तेच. दीड मीटर उंचीवर डोळा असला तर पृथ्वीवर मोकळ्या सपाटीवर क्षितिज सुमारे ४.४ किलोमीटरवर, चंद्रावर २.३ वर, आणि माझ्या खळ ग्रहावर ६.२ वर. मोजणीदाराला ही चैन वाटते. एका ठिकाणाहून जास्त खुणा दिसतात, म्हणजे चालणं कमी. दुप्पट वजनाच्या मुलखात तेवढाच आधार.

ओळंब्यावर तरी विश्वास ठेवावा की नाही? तोही डोंगराकडे झुकतो. एकोणिसाव्या शतकात कलियाना आणि कलियानपूर या दोन ठाण्यांमधलं अंतर जमिनीवरून मोजलं आणि ताऱ्यांवरून मोजलं, तर पाच विकलांहून थोडा जास्त फरक निघाला. हिमालयाने ओळंबा ओढला असावा या विचाराने जॉन प्रॅट यांनी १८५५ साली गणित केलं, तर फरक आला त्याहून बराच मोठा निघायला हवा होता. त्या कोड्यातून डोंगरांच्या मुळाशी हलका खडक असतो ही समज पुढे आली. फणी ग्रहावर मी हाच डाव खेळलोय. ओळंबा जिथे डोंगर नाही तिथे झुकतो. का, ते सांगत नाही, त्या गोष्टीचे पैसे अजून यायचेत.

५. दोर तुटू द्या

विल्यम लॅम्बटन हा माणूस आमच्या धंद्यातला. १८०२ साली मद्रासेजवळ पायारेषा मोजून त्याने हिंदुस्थानची ती प्रचंड मोजणी सुरू केली आणि १८२३ च्या जानेवारीत, अजून कामावरच असताना, वर्ध्याकडच्या हिंगणघाटला वारला. तिथेच त्याची कबर आहे. त्याचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा. १८०८ साली तंजावरात, आपल्या सरफोजीराजांच्या गावात, तो देवळाच्या शिखरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळून वाकलं. लॅम्बटनने तंबूत कोंडून घेऊन, खिळा खिळा ठोकत, ते दीड महिन्यात पुन्हा सरळ केलं.

माझ्या पहिल्या तीन गोष्टींत कुणाचाही दोर तुटला नव्हता. तुकडी उतरायची, मोजायची, थक्क व्हायची, परत यायची. भाची म्हणाली, "मामा, हे सहलीचं वर्णन झालं." तिचं खरं होतं. आता मी प्रत्येक ग्रहावर आधी काय मोडणार ते ठरवतो.

६. तांबड्या ताऱ्याखाली जग तांबडं नसतं

हे थोडक्यात. चिमणीसारख्या ताऱ्याचं तापमान ३,७०० केल्विनच्या आसपास. आमच्या गल्लीत मागावर लोंबणारा जुना पिवळा बल्ब २,७०० चा. म्हणजे 'तांबडा' ताराच बल्बपेक्षा पांढरा. त्या बल्बखाली विणकर हिरवा आणि मोरपंखी धागा बिनचूक ओळखत आले, तर काठ ग्रहावरची माणसं का ओळखणार नाहीत? चित्रकाराने माझ्या गोष्टीला लालभडक आभाळ काढलं तेव्हा हेच बोललो. तो म्हणाला, अंक लालवरच खपतो.

७. नावं राहणाऱ्यांना देऊ द्या

कागदावर शेताला सर्व्हे नंबर असतो. शेतकरी त्याला 'तळ्याकडचं', 'बाभळीचं', 'भांडणाचं' म्हणतो. भांडण मिटून तीन पिढ्या झाल्या तरी 'भांडणाचं' हे नाव मिटत नाही. आमच्या गावाचं नाव २०१४ च्या १ नोव्हेंबरला सरकारी कागदांवर बदललं. लोकांच्या तोंडात मात्र दोन्ही नावं सुखाने नांदतात, कोण कुणाशी बोलतोय त्यावर अवलंबून.

खऱ्या आकाशातही नामकरण होतं. २०१९ साली जागतिक खगोलसंघाच्या उपक्रमात भारताच्या वाट्याला सिंह राशीच्या खालच्या बाजूचा एक तारा आला. त्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून 'बिभा' हे नाव दिलं आणि त्याच्या ग्रहाला 'संतमस'. हे दुसरं नाव सुचवणारा पुण्याचा शाळकरी मुलगा. ग्रह गुरूहून मोठ्या वजनाचा, वर्ष दोन दिवसांचं, उष्णता भट्टीला लाजवणारी. तिथे राहायला कुणी जाणार नाही, त्यामुळे 'संतमस' टिकेल. माझ्या काठ ग्रहावर मात्र वस्ती आहे, आणि दुसऱ्याच गोष्टीत तिथल्या पोरांनी त्याचं 'काठू' करून टाकलं. मी अडवलं नाही.

८. हद्द रेघेने दाखवता येते का, ते आधी पाहा

इथे जरा थांबतो, कारण बावीस वर्षांत माझा सगळ्यात जास्त जीव या एका ग्रहावर जडला.

ताऱ्याच्या इतक्या जवळचा ग्रह बहुधा बांधला जातो. आपला चंद्र जसा एकच गाल आपल्याकडे ठेवतो तसा तोही एक बाजू कायम ताऱ्याकडे ठेवतो. अर्धा ग्रह कायम उजेडात, अर्धा कायम अंधारात, मध्ये सदाची तिन्हीसांज. वस्ती कुठे होणार? त्या मधल्या भागात. म्हणून तर त्याचं नाव काठ. सुरुवातीला मी नकाशावर पेन्सिलीने एक रेघ ओढली, अलीकडे दिवस, पलीकडे रात्र, आणि झोपलो.

पण कक्षा थोडी लंबगोल असतेच. ग्रह स्वतःभोवती एका लयीत फिरतो, ताऱ्याभोवती मात्र कधी भरभर, कधी संथ. दोन्हींचा ताल चुकतो आणि आकाशात तारा मागेपुढे झुलायला लागतो. चंद्रही असाच झुलतो. एका वेळी त्याचा निम्माच भाग दिसत असला तरी या हेलकाव्यांमुळे आपण एकूण ५९ टक्के चंद्र पाहू शकतो. मी काठची कक्षा पाच टक्के लंबगोल धरली. झुला दोन्ही बाजूंना मिळून साडेअकरा अंशांचा आला. ग्रह पृथ्वीएवढा, तर विषुववृत्तावर तो पट्टा भरतो सुमारे १,२७० किलोमीटर रुंद.

मी आकडा तीनदा तपासला. ज्या रेघेवर मी नायकाला सीमेचा दगड पुरायला पाठवलं होतं ती रेघ निघाली मुंबईहून दिल्लीला विमानाने जावं एवढी रुंद. या पट्ट्यात ४६ दिवसांतून एकदा तारा उगवतो आणि एकदा मावळतो. उजेडाकडच्या कडेला तो जवळपास कायम वर, अंधाराकडच्या कडेला वर्षातून जरासा डोकावतो. मध्ये गावं आहेत. तिथली माणसं तेवीस दिवस दिवसवाल्यांची आणि तेवीस दिवस रात्रवाल्यांची.

मग दोन्ही बाजूंची सरकारं आली. एक म्हणतं, जिथवर ऊन पोचतं तिथवर आमचं. दुसरं म्हणतं, जिथवर रात्र पोचते तिथवर आमचं. दोघांचंही मोजमाप बरोबर, आणि दोघांच्या नकाशात तेच पट्टे, तीच गावं. तुकडीला हुकूम येतो: एक रेघ काढा. माझा मोजणीदार एका घराच्या अंगणात टेबल मांडतो. घरातली बाई लेकराला एका भाषेत रागावते आणि दारावरच्या भाजीवालीशी दुसऱ्या भाषेत घासाघीस करते. तो तिला विचारतो, तुम्ही कुठल्या बाजूच्या? ती म्हणते, चहा घेणार का.

यात कुणाला आणखी काही दिसलं तर माझा इलाज नाही. मी फक्त झुल्याचा हिशेब केला.

ही गोष्ट आल्यावर दोन प्रकारची पत्रं आली. काहींना ती राजकीय वाटली. निपाणीच्या त्या शिक्षकांचं पोस्टकार्ड मात्र एवढंच: झुल्याचा हिशेब विषुववृत्तावर ठीक आहे, ध्रुवांकडे पट्टा निमुळता होईल, तो नकाशात दाखवलेला नाही.

९. पोस्टकार्डाला उत्तर द्या

जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. आपल्या नावाच्या दबावाने बक्षीस मिळू नये म्हणून. मिळालं, पहिलंच. पुढे मुलं सही मागायला आली की ते म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले त्या दिवशी मी पोस्टकार्डांचा गठ्ठा काढून बसलो. निपाणीची एकूण चौदा निघाली. उत्तरं मी नऊंचीच दिली होती. ज्या पाचांत माझी चूक सगळ्यात मोठी होती तीच नेमकी राहिली होती.

१०. खरं आभाळ आपल्याहून धीट असतं, ते सोसा

सहा ग्रह एका लहान ताऱ्याभोवती दाटीवाटीने बसवले म्हणून मला एका संपादकांनी हसत सुनावलं होतं, मालगाडी आहे का? २०१७ च्या फेब्रुवारीत बातमी आली की कुंभ राशीतल्या ट्रॅपिस्ट-१ या, सुमारे ४० प्रकाशवर्षांवरच्या, ताऱ्याभोवती पृथ्वीसारख्या आकाराचे सात ग्रह आहेत. सगळ्यात आतल्याचं वर्ष दीड दिवसाचं, सगळ्यात बाहेरच्याचं एकोणीस दिवसांचं. सातही ग्रह आपल्या बुधाच्या कक्षेत मावतील, वर जागा उरेल. माझी चिमणी त्यापुढे ऐसपैस वाडा वाटायला लागली. पेपर घेऊन संपादकांकडे जावं असं वाटलं. गेलो नाही. घरी येऊन पदरचं अंतर थोडं कमी केलं.

पदर अजून मोजायचा आहे. सगळ्यात लांबचा, थंड, दिवसाही सांजेसारखा. सातवी गोष्ट त्याचीच. मागच्या रविवारी बाजाराला आलेला माझा तो साखळीवाला जोडीदार घरी डोकावला. आता त्याला ऐकू कमी येतं, म्हणून मी हातवारे करत गोष्ट सांगितली. तुकडी उतरली, तंबू ठोकले, पहिली खूण पुरली. तो चहाची बशी खाली ठेवून म्हणाला,

"सायेब, मोजणीचा अर्ज कुणी केलाय तिथं?"

मी बघतच राहिलो.

"आणि बाजूच्या लोकांस्नी नोटीस दिली काय?"

चौतीस वर्षांत बिनअर्जाची एक मोजणी केली नव्हती. लगतच्या खातेदारांना नोटीस गेल्याशिवाय साखळी पिशवीतून काढली नव्हती. आणि सहा ग्रहांवर, बावीस वर्षं, कुणालाही न विचारता खुणा ठोकत सुटलो होतो. तो गेल्यावर गोष्टीचं पहिलं पान काढून बाजूला ठेवलं. नव्या पहिल्या पानावर नुसती नोटीस आहे. तारीख पदरच्या कॅलेंडरची, मुदत पंधरा दिवसांची, मजकूर दोन भाषांत. खाली पोच घेणाऱ्याच्या सहीसाठी जागा सोडली आहे. ती सही कुणाची, ते अजून ठरत नाही, म्हणून गोष्ट यंदाच्या अंकाला जात नाही.